अडीच गुंठ्यांतला हिवाळा

२१ डिसेंबरच्या भर दुपारी मी माझ्या वाफ्यांमध्ये उभी राहते तेव्हा माझी सावली माझ्या चौपट लांब पडते. इंग्लंडमधलं हे लेस्टर शहर ५२.६ अंश उत्तरेला आहे. वर्षातल्या त्या सगळ्यांत लहान दिवशी सूर्य माथ्यावर येतच नाही, क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर चढतो आणि उतरायला लागतो. उगवतो सव्वाआठच्या सुमारास, मावळतो चारच्या आत. दिवस साडेसात तासांहून थोडासाच मोठा. त्याच दिवशी माझ्या माहेरी, निफाडकडे, दिवस जवळपास अकरा तासांचा असतो आणि दुपारचं ऊन अंगाला लागतं. माझा भाऊ तिथं द्राक्षबाग सांभाळतो. फोनवर त्याचा दर डिसेंबरचा प्रश्न ठरलेला आहे, “ताई, एवढ्या थंडीत रानात जाऊन तू करतेस तरी काय?” आजवर त्याला तुकड्यातुकड्यांनी सांगत आले. आज सलग सांगते.

आधी रानाविषयी. इथं अलॉटमेंट म्हणतात ती जमीन मालकीची नसते. नगरपालिका किंवा एखादी संस्था भाजीपाला पिकवण्यासाठी वर्षाच्या भाड्यानं जमिनीचा तुकडा देते, तो अलॉटमेंट. शहराच्या कडेला, रेल्वे रुळांच्या बाजूला, घरांच्या मागे असे पन्नास-शंभर तुकडे एकाला एक लागून असतात. १९०८ च्या कायद्यानं स्थानिक संस्थांवर, मागणी असेल तिथं अशी जमीन पुरवण्याची जबाबदारी टाकली. गावातल्या सहा मतदारांनी मिळून अर्ज केला की त्याचा विचार करावाच लागतो. १९२२ च्या कायद्यानं व्याख्या केली. तुकडा ४० पोलपेक्षा मोठा नको, आणि त्यात मुख्यतः घरच्यांना खायला भाजी किंवा फळं पिकवलेली हवीत. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली तेव्हा अशा तुकड्यांची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली होती.

पोल, रॉड, पर्च ही एकाच मापाची तीन नावं आहेत. माप साडेसोळा फुटांचं. ठरीव प्लॉट दहा रॉडचा. हा आकडा मला पुष्कळ दिवस परका वाटत होता. मग एकदा भावाला समजावून सांगताना हिशेब केला. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, आणि साडेसोळाची दुप्पट तेहतीस. म्हणजे एका गुंठ्यात बरोबर चार चौरस रॉड बसतात आणि दहा रॉडचा प्लॉट म्हणजे नेमके अडीच गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, रॉड एकशे साठ. इंग्रजांच्या मोजणीची साखळी दोन्ही देशांत फिरली, तिच्या खुणा अजून तिकडच्या गुंठ्यात आणि इथल्या भाडेपावतीत आहेत. त्या दिवसापासून ही जमीन मला ओळखीची वाटते.

आता भावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर. थंडीत इथं काही पिकत नाही. थंडीत इथं पिकलेलं टिकवायचं असतं.

झाडाला वाढायला ऊब लागते, तसा उजेडही लागतो. अमेरिकेत मेन राज्यात वर्षानुवर्षं हिवाळी भाजी करणारे एलियट कोलमन यांनी एक सोपा अडाखा सांगितला आहे. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की पालेभाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. वर काच असो की प्लॅस्टिक, फरक थोडाच. त्या काळाला ते पर्सेफनीचे दिवस म्हणतात. ग्रीक कथेतली पर्सेफनी वर्षातला काही काळ पाताळात राहते आणि तेवढे दिवस तिची आई, धान्याची देवता, पृथ्वीवर काही उगवू देत नाही. लेस्टरला हे दिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. जवळपास सोळा आठवडे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, तो माझ्यासाठी हिशेबाचा दिवस. त्या दिवशी वाफ्यात जे पूर्ण वाढून उभं आहे तेच फेब्रुवारीपर्यंत घरात येणार. अर्धवट वाढलेली कोबी अर्धवटच राहणार.

म्हणून हिवाळ्याची सुरुवात मार्चमध्ये करावी लागते. पार्सनिप मार्च ते मे या काळात पेरायचं. दिसायला मोठं, फिकट पांढरं गाजर, वास मात्र वेगळा, थोडा जायफळाकडे झुकणारा. त्याचं बी एका वर्षात जुनं होतं, दरवर्षी ताजंच घ्यावं लागतं, आणि उगवायला तीन-चार आठवडे लावतं. लीक मार्च-एप्रिलमध्ये रोपवाटिकेत पेरायचं. हे कांद्याच्या कुळातलं, पण गड्डा न धरणारं, मनगटाएवढ्या जाड पांढऱ्या दांड्याचं. जून-जुलैत रोपं पेन्सिलीइतकी झाली की दांडक्यानं पंधरा सेंटिमीटर खोल भोक पाडायचं, रोप त्यात सोडायचं आणि भोक पाण्यानं भरायचं. माती लोटायची नाही. पाण्याबरोबर जेवढी माती मुळांशी जाते तेवढी पुरते आणि उरलेल्या मोकळ्या जागेत दांडा जाड होतो. कोबीच्या कुळातले ब्रसेल्स स्प्राउट एप्रिलमध्ये, केल मे-जूनमध्ये. जांभळी ब्रोकोलीही एप्रिल-मेमध्येच पेरायची, ती तर जवळपास वर्षभर जागा अडवते आणि पुढच्या मार्चमध्ये, वाफ्यात दुसरं काही नसताना, तुरे देते. तिच्यासाठी उन्हाळ्यात एवढी जागा सोडायला मन होत नाही. पहिली दोन वर्षं मी सोडली नाही, आणि दोन्ही मार्च महिने भाजी विकत आणण्यात गेले.

सांगलीजवळ हरिपूरला हळद पेवांमध्ये ठेवत. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद, आत माल महिनोन्महिने राहायचा. माझ्या डोळ्यांसमोर हिवाळ्यातला प्लॉट तसा असतो. पार्सनिप, गाजर, लीक, सलगमासारखं स्वीड हा सगळा माल जमिनीतच ठेवलेला असतो आणि लागेल तेवढा उपसून आणायचा. फ्रिजमध्ये गाजर दोन आठवड्यांत लवतं. जमिनीत, वर गवताचा किंवा पेंढ्याचा हातभर थर असेल, तर जानेवारीपर्यंत करकरीत राहतं. फरक एवढाच की हे पेव जिवंत आहे, आतला माल थंडीला उत्तर देत असतो.

ते उत्तर जिभेला कळतं. ऑक्टोबरमध्ये उपटलेलं पार्सनिप पिठूळ लागतं. दोन-तीन कडक दहिवरं पडून गेली की तेच गोड होतं. कारण असं. मुळात साठवलेला स्टार्च थंडी पडली की झाड साखरेत बदलायला लागतं. पाण्यात साखर विरघळली की ते शून्याच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पेशींमधलं पाणी गोठू नये म्हणून झाडानं केलेली ही सोय आहे. केलची पानं आणि स्प्राउटचे गड्डेही हेच करतात. गेल्या जानेवारीत एका सकाळी मी पार्सनिप काढायला गेले. वरची दोन-तीन इंच माती दगड झाली होती, फोर्क तिच्यावर नुसता वाजत होता. कडेनं दात रोवून, पायाचा भार देऊन कवच उचललं तर ते ताटासारखं सपाट निघालं, आणि खालची माती मऊ, काळसर, वाफ निघावी इतकी त्या हवेपेक्षा उबदार. बोटं घालून मूळ मोकळं केलं. खांद्याशी तांबूस रेषा, टोकाला केसासारखी मुळं, त्यांना चिकटलेलं एक गांडूळ. तिथंच नखानं साल खरवडून एक तुकडा तोंडात टाकला. उसाच्या शेंड्याकडच्या पेरात असते तेवढी गोडी होती.

एक काळजी मात्र घ्यायची. पानं गोठलेली असताना काढणी करायची नाही. अशा सकाळी लीकची पात लोंबते, केल चिंध्यांसारखी दिसते, आणि नवख्याला वाटतं की पीक गेलं. हात लावायचा नाही. अकराच्या सुमारास गोठण उतरली की पानं आपोआप ताठ होतात. गोठलेल्या पानाला धरलं तर बोटाखालच्या पेशी फुटतात आणि तिथं काळा डाग पडतो.

दहिवर कधी पडणार हे ओळखायला मी निफाडलाच शिकले. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी येते, तेव्हा हवेचं तापमान शून्याच्या वरच असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीतली ऊब थेट आकाशाकडे निघून जाते आणि गवताचं पातं भोवतालच्या हवेहूनही थंड होतं. ढग असले तर ती ऊब अडवून थोडी परत खाली पाठवतात. इथलं हवामान खातं तापमान सव्वा मीटर उंचीवर मोजतं. त्यामुळे अंदाजात तीन अंश लिहिलेलं असलं आणि आकाश स्वच्छ असलं, तर वाफ्यात दहिवर येणार असं मी धरून चालते. शिवाय थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि कुंपणाशी साचते. माझ्या प्लॉटचा खालचा कोपरा झुडपांच्या दाट कुंपणाला टेकलेला आहे. तिथं वरच्या टोकापेक्षा आठवडाभर आधी दहिवर दिसतं. म्हणून नाजूक पीक वर आणि लीक-पार्सनिप खाली.

माझ्या लहानपणी गारठ्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवत. इथं त्याऐवजी फ्लीस वापरतात. आपल्याकडे क्रॉप कव्हर म्हणून मिळतं तसलंच पांढरं, पातळ, न विणलेलं कापड. चौरस मीटरला १७ ग्रॅमच्या साध्या फ्लीसनं साधारण दोन अंशांचा फरक पडतो. कापडाला स्वतःची ऊब नसते, ते जमिनीतून निघणारी ऊब धरून ठेवतं. म्हणून ते दुपारीच, माती थोडी तापलेली असताना घालायचं. अंधार पडल्यावर घातलं तर धरून ठेवायला ऊब उरलेलीच नसते. मी हे बरेच दिवस उलटं करत होते, रात्री अंदाज बघून टॉर्च घेऊन धावत होते.

शेजारच्या प्लॉटवर एक गुजराती मासी आहेत. १९७२ साली इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा कंपालाहून आलेल्यांपैकी त्या. कोथिंबीर थंडीला घाबरत नाही, हे मला त्यांनी दाखवलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरायची, नोव्हेंबरपासून काचेच्या पेटीत ठेवायची आणि बाहेरची पानं तेवढी खुडायची, मधला कोंब सोडायचा. हिवाळाभर मूठ-मूठ मिळत राहते. उलट उन्हाळ्यात तीच कोथिंबीर महिनाभरात फुलावर जाते. मेथीचं तसं नाही. कडक दहिवरानं ती लोळते. मासी ऑगस्टच्या अखेरीस मेथी पेरतात, ऑक्टोबरमध्ये मुळासकट उपटतात, खातात आणि उरलेली सावलीत वाळवून डब्यात भरतात. “बेटा, मेथीला थांबायला सांगू नये,” असं त्या म्हणतात.

मातीविषयी जास्त बोलायला हवं, कारण हिवाळ्यातली बहुतेक चूक पायानं होते. लेस्टरची माती जड, चिकण. ऑक्टोबर ते मार्च तिला वाफसा येतच नाही. पाऊस फार मोठा नसतो, पण उन्हाअभावी पडलेलं पाणी उडून जात नाही. अशा मातीवर एकदा पाय पडला की मधल्या पोकळ्या दाबल्या जातात, हवा निघून जाते, आणि एप्रिलमध्ये तिथं विटेसारखं ढेकूळ हाताला लागतं. म्हणून वाफे सव्वा मीटर रुंद, दोन्ही बाजूंनी हात पोचेल एवढे, आणि मध्ये पायवाटा. वाफ्यात जावंच लागलं तर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं.

जुन्या माणसांची इथली रीत अशी की नाताळाच्या आत सगळा प्लॉट कुदळून मोठाली ढेकळं तशीच उघडी सोडायची. हे मला लगेच पटलं, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात नांगरट करून ढेकळं उन्हात तापवतात त्याचीच ही दुसरी बाजू. तिथं ऊन ढेकूळ फोडतं, इथं बर्फ. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. ढेकळातल्या बारीक भेगांमधलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं. असं वीस-तीस वेळा झालं की मार्चमध्ये दाताळ्याच्या एका फेऱ्यात माती भुगा होते. पहिली दोन वर्षं मी हेच केलं आणि ते काम करतं.

आता मात्र मी कुदळत नाही. सॉमरसेटमधल्या चार्ल्स डाउडिंग यांनी न खोदता भाजी करण्याची पद्धत कित्येक वर्षं चालवून दाखवली आहे. माती उलथायची नाही, हिवाळ्याच्या तोंडावर वर कंपोस्टचा तीन ते पाच सेंटिमीटर थर पसरायचा आणि बाकीचं गांडुळांवर सोडायचं. गांडुळं ते खाली नेतात, त्यांच्या बिळांतून पाणी निचरतं, आणि खाली गाडलेलं तणांचं बी वर उजेडात येत नाही. माझ्या चिकण मातीत तिसऱ्या वर्षी फरक दिसला, पावसाचं पाणी वाफ्यावर साचायचं थांबलं. अडचण एकच, कंपोस्ट फार लागतं. एका गुंठ्यावर तीन सेंटिमीटरचा थर द्यायचा तर तीन घनमीटर. घरच्या ढिगातून एवढं निघत नाही, बाहेरून आणावं लागतं. आणि बाहेरून आणलेल्या खतानं माझं एक वर्ष खाल्लं.

एका तबेल्यातून घोड्यांच्या लिदीचं कुजलेलं खत मिळालं. काळं, भुसभुशीत, वास नसलेलं, बघून समाधान व्हावं असं. डिसेंबरमध्ये बटाट्याच्या आणि शेंगांच्या वाफ्यांवर पसरलं. मे महिन्यात बटाट्याची पानं नेच्याच्या कोवळ्या पानासारखी आत वळायला लागली. टोमॅटोचे शेंडे पिळवटले. रोग समजून मी फवारण्या शोधत बसले. कारण खतातच होतं. कुरणातलं रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरालिड हे तणनाशक वापरतात. गवताला ते काही करत नाही. गवतात उतरतं, गवताची वाळलेली वैरण होते, घोडा ती खातो आणि औषध त्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं. खत कुजलं तरी ते टिकतं. मातीतले जीवाणू हळूहळू त्याचा निकाल लावतात, पण तोवर बटाटा, टोमॅटो, वाटाणा, शेंगवर्गातलं काहीही तिथं धड येत नाही. खत देणाऱ्यालाही याची कल्पना नव्हती, वैरण त्यानं तिसरीकडून घेतलेली होती.

तेव्हापासून कुठलंही खत आलं की आधी परीक्षा. दोन कुंड्या घ्यायच्या. एकीत हे खत आणि पिशवीतलं खात्रीचं कंपोस्ट निम्मं-निम्मं, दुसरीत नुसतं कंपोस्ट. दोन्हींत ब्रॉड बीन या शेंगेचे चार-चार दाणे, स्वयंपाकघराच्या खिडकीत. ताटल्या वेगवेगळ्या हव्यात, नाहीतर पाण्याबरोबर औषध इकडून तिकडे जातं. तीन-चार आठवड्यांत रोपाला तीन जोड्या पानं आली की दोन्ही शेजारी ठेवून बघायची. खत चांगलं असेल तर दोन्हींत फरक नसतो. औषध असेल तर नवी पानं वाटीसारखी आत वळतात, कडा सुरकुततात, शेंडा कुबड काढतो. हिवाळ्यात घाई कसलीच नसते, त्यामुळे ही परीक्षा करायला हाच काळ योग्य. जो कोणी तबेल्यातलं खत आणतो त्यानं ही करावीच, असं मी प्लॉटवर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

खोड-फांद्यांची कामं थोडक्यात. सफरचंदाची छाटणी पानं गळल्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, झाड झोपलेलं असताना. प्लमला मात्र थंडीत कात्री लावायची नाही, ओल्या हवेत जखमेतून बुरशी शिरते, त्याची छाटणी उन्हाळ्यात. नोव्हेंबरमध्ये साइटचं पाणी बंद होतं, गोठून नळ फुटू नयेत म्हणून. ते वसंतात सुरू होईपर्यंत शेडच्या छपरावरून पिंपात साठलेलं पाणीच वापरायचं.

खरा शत्रू थंडी नव्हे, कबुतरं. आपले पारवे नव्हेत, रानकबुतरं, जाड, मानेवर पांढरा पट्टा असलेली. दुसरं हिरवं काही उरत नाही तेव्हा कोबीच्या कुळावर उतरतात आणि दोन दिवसांत पानांच्या नुसत्या शिरा ठेवतात. त्यावर जाळी हा एकच उपाय, आणि जाळी पानांना टेकता कामा नये, कारण ती वर बसून जाळीतून चोच घालतात. मी पाण्याच्या पाइपच्या कमानी करून त्यांवर जाळी ताणली होती. एका फेब्रुवारीत रात्री ओला, जड बर्फ पडला. बारीक भोकांच्या जाळीवर तो साचून बसेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सकाळी गेले तर कमानी मधोमध मोडलेल्या, जाळी जमिनीला लागलेली, आणि तिच्याखाली मार्चमध्ये तुरे देणार असलेली ब्रोकोलीची बारा झाडं बुंध्याशी तुटलेली. दहा महिने वाढवलेली झाडं. आता बर्फाचा अंदाज असला की संध्याकाळी जाऊन जाळी काढून ठेवते. बर्फ पडत असताना कबुतरं येत नाहीत, आणि झाडांना बर्फाच्या पांघरुणानं काही होत नाही, उलट आत ऊब राहते.

लसूण हे एक पीक असं, ज्यासाठी मी थंडीची वाट बघते. तो तिकडेही रब्बीचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरला लावायचा, त्यामुळे भावाची आणि माझी लावण बहुधा एकाच पंधरवड्यात होते. त्याचा मार्चपर्यंत निघतो, माझा जुलैत. गड्डा फुगायला दिवस मोठे व्हावे लागतात, पण गड्ड्याच्या पाकळ्या पडायच्या की नाही हे थंडी ठरवते. काही आठवडे दहा अंशांखालची थंडी मिळाली नाही, तर लसूण कांद्यासारखा एकच गोल गोळा होतो. पाकळी टोक वर करून, पंधरा सेंटिमीटरवर, टोकावर दोन-अडीच सेंटिमीटर माती येईल अशी लावायची. टोक बाहेर राहिलं तर पक्षी अळी समजून ओढून काढतात. डिसेंबरात कोंब बोटभर वर येतात आणि तसेच थांबतात. खाली मुळं मात्र चालूच असतात. एकदा जानेवारीत रॉबिन पक्ष्यानं उकरलेली एक पाकळी परत लावताना बघितलं, कोंब बोटभर आणि मुळं वीतभर. ब्रॉड बीनही नोव्हेंबरमध्येच, ‘अ‍ॅक्वाडल्स क्लॉडिया’ ही जुनी, थंडी काढणारी जात. पाच सेंटिमीटर खोल. उंदीर दाणे उकरतात म्हणून ओळीवर जाळी दाबून ठेवायची.

या सगळ्याची परीक्षा भोगीला होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे दिवसाचे दहा तास व्हायला अजून महिना असताना, माझ्या प्लॉटवर काय आहे? पेंढ्याखालची गाजरं, पार्सनिप, स्वीड, लीक, केल, शेडमधल्या बरणीत उन्हाळ्यातल्या, वाळवलेल्या रनर बीनच्या बिया. ओला हरभरा इथल्या बेलग्रेव्ह रोडच्या दुकानातून. भोगीच्या भाजीत वांगं मी घालत नाही, ते इथं त्या दिवसांत स्पेनहून आलेलं असतं आणि चवीला नसतं. गाजर-पार्सनिपाच्या जाड फोडी, भिजवून शिजवलेल्या बिया, लीकचा पांढरा भाग कांद्याच्या जागी, केल शेवटी हातानं तोडून. तीळ-खोबऱ्याचं वाटण, गूळ मात्र नेहमीच्या निम्मा, कारण गोडी मुळांतच आलेली असते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी. मासींना डबा देते. त्या उंधियू पाठवतात, त्यातली मेथी ऑक्टोबरात डब्यात भरलेली.

भोगी झाली की दिवस जाणवण्याइतका मोठा व्हायला लागतो, आणि माझं शेवटचं हिवाळी काम सुरू होतं, रुबार्ब. हे आंबट दांड्यांचं झाड. दांडे साखर घालून शिजवतात, मी त्याचं कैरीसारखं लोणचंही घालते. पानं विषारी, ती थेट कंपोस्टमध्ये. थंडीत हे झाड पूर्ण जमिनीत जातं आणि सगळा साठा मुळाच्या गड्ड्यात ठेवतं. पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय ते जागं होत नाही. ती मिळाल्यावर त्याच्यावर अंधार घातला, तर ते साठ्याच्या जोरावर उजेड शोधत वर धावतं, आणि उजेड न मिळाल्यामुळे दांडे लांब, कोवळे, गुलाबी निघतात. यॉर्कशरमध्ये वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्यामधल्या पट्ट्यात यासाठी अंधाऱ्या लांबलचक शेड आहेत आणि तिथं तोडणी मेणबत्तीच्या उजेडात करतात, कारण उजेड लागला तर दांडे हिरवे आणि आंबट होतात. मी जानेवारीत एका गड्ड्यावर जुनी कचऱ्याची बादली पालथी घालते, भोवती पेंढा लावते आणि वर वीट ठेवते.

फेब्रुवारीच्या अखेरीस वीट काढून बादली उचलली. आत हातभर उंच पंधरा-सोळा दांडे, गुलाबी, ओले, वर बोटाएवढी पिवळी चुरगळलेली पानं. दांडा कापायचा नाही. बुंध्याशी धरून थोडा पिळून ओढायचा, तो मुळाशी सुटतो. निम्मे ओढले, बादली परत घातली. या गड्ड्याचा साठा आता संपत आला आहे. पुढली दोन वर्षं त्याला झाकायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं वाढू द्यायचं. शेजारी दुसरा गड्डा आहे, पुढच्या जानेवारीची बादली त्याच्यावर.